बिल चढ रहा है, हाजीसाब

आमच्या ऑफिसात फोन लावायच्या आधी बाकीचे लोक नंबर शोधत. फिलोमीना मॅडम कंगवा शोधत.

ड्रॉवरमधून कंगवा काढायचा, खिडकीच्या काचेत बघून भांग सरळ करायचा, एसीसाठी घातलेल्या स्वेटरची वरची गुंडी लावायची आणि मग बर्बेराचा नंबर दाबायचा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या त्या बंदरात बसलेल्या माणसाला दुबईतल्या बाईचा भांग दिसण्याची काही सोय नव्हती. मी पुण्याहून एमबीए करून नवाच आलो होतो आणि जगातल्या अनावश्यक हालचाली कमी करायला आपला जन्म झाला आहे अशी माझी समजूत होती. मी विचारलं, "मॅडम, फोनवर केस कोणाला दिसतात?"

"आवाजात दिसतात," त्या म्हणाल्या. "तुझे पण दिसतात. सकाळी बँकेशी बोलत होतास ना, अंघोळ न केल्यासारखा आवाज होता."

मी अंघोळ केली नव्हती. त्यानंतर बँकेला फोन करायचा असेल त्या दिवशी तरी मी करत आलो आहे.

देराला खाडीच्या कडेने लाकडी गलबतं एकाला एक चिकटून उभी असतात, त्यांच्या समोरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. गलबतांना लागणारा माल आम्ही विकतो: दोर, पुल्या, ताडपत्री, रंग. गिऱ्हाइकं आफ्रिकेच्या बंदरांतली, आणि ती सगळी फिलोमीना तुस्कानो या एका बाईच्या आवाजाला बांधलेली. बाई मूळच्या वसईच्या. नवरा इथल्याच एका हॉटेलात आचारी होता. तो गेल्यावर त्या शारजात रोल्लाला एका खोलीत मुलीला घेऊन राहिल्या. मुलगी शेरन आता अल ऐनला फिजिओथेरपी शिकत होती. मॅडमचं वय साठीकडे झुकलेलं, उंची बेताची, आवाज मात्र खाडीच्या पलीकडे बर दुबईपर्यंत जाईल असा. लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं यावर त्यांचा विश्वास होता. शारजाला फोन असला तर त्या साध्या आवाजात बोलत, बर्बेरासाठी उभ्या राहत.

गिऱ्हाइकं त्यांना सिस्टर म्हणत. त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बर्बेराचे हाजी सुलेमान. तरुणपणी ते देरात हमाली करायचे, त्यामुळे हिंदी उत्तम. मी ऐकलेला पहिला फोन साधारण असा होता.

"हाजीसाब, घुटना कैसा है?"

घुटना कसा आहे ते बराच वेळ चाललं. मॅडमनी त्याला एरंडेल सांगितलं. हाजींनी त्यांना उंटिणीचं दूध सांगितलं. मग हाजींचा धाकटा मुलगा, त्याची लग्नाला नाही म्हणण्याची सवय, शेजाऱ्याची भिंत, शेरनची परीक्षा. मालाचा विषय कुठेच नाही. मी हातातल्या घड्याळाकडे बघत होतो, बाई खिडकीबाहेर गलबतांकडे.

"अच्छा हाजीसाब," शेवटी त्या म्हणाल्या, "बिल चढ रहा है, रखती हूँ."

"हां हां सिस्टर, बिल चढ रहा है. अच्छा सुनो, मोटी रस्सी के बंडल लिखो..." आणि पलीकडून ऑर्डर सुरू झाली.

मी मनात नोंद केली की या कॉलमधला शेवटचा भाग कामाचा आणि आधीचा सगळा कापण्याजोगा. एमबीएला दोन वर्षं घालवून माणूस एवढं तरी शिकतोच.

मॅडमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लवकर समजून घ्यावी लागे. त्या खोटं बोलत नसत. सद्गुण वगैरे म्हणून नव्हे. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये फादरसमोर जाऊन सांगावं लागतं आणि तिथली रांग मोठी असते, हे त्यांचं कारण. "मोठ्या पापासाठी उभी राहीन," त्या म्हणत, "तुमच्या चिल्लर कामासाठी मी तिथे गुडघे का मोडू?"

याचा जाच सगळ्यात जास्त शेठना होता. आमचे वल्लभशेठ कच्छी, पण वाढले मुलुंडला, मराठी आपल्यासारखंच बोलतात. त्यांच्या समाजाच्या मंडळाचे एक अध्यक्ष त्यांना दर समारंभाला प्रमुख पाहुणे करायला टपलेले असत. प्रमुख पाहुण्याला शाल मिळते आणि नंतर हॉलचं भाडं द्यावं लागतं हे शेठना अनुभवाने ठाऊक होतं. अध्यक्षांचा फोन आला की शेठ केबिनमधून हात हलवत, "नाही म्हणून सांगा, ऑफिसात नाही."

"आहात ना पण," मॅडम रिसीव्हरवर हात ठेवून म्हणत.

मग शेठ उठत. चहाचा कप घेऊन दाराबाहेर जात, लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत उभे राहत आणि दार लावून घेत. दार लागल्याचा आवाज झाल्यावरच मॅडम बोलत, "शेठ ऑफिस में नहीं हैं, साब." कंपनीचा मालक, ज्याच्या नावाची पितळी पाटी त्याच दारावर होती, तो झाडूवाल्याशेजारी उभा राहून चहा पीत असे. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं आहे की मालकी या गोष्टीबद्दलचा माझा आदर तिथेच संपला.

आता माझा पराक्रम.

टेलिफोनचं बिल आलं की शेठ ते आधी दिरहममध्ये मोठ्याने वाचत. त्याने पुरेसं दुःख झालं नाही तर रुपयांत करून पुन्हा वाचत. एकदा रुपयांतला आकडा ऐकून ते स्वतःच खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "जोशी, तू शिकलेला आहेस. कर काहीतरी."

मी प्रेझेंटेशन केलं. इंटरनेटवरून चालणारे ऑफिसचे फोन घ्यायचे, एवढाच मुद्दा. फुकटच्या ॲपवरचे कॉल इथे लागत नाहीत, पण परवानगी असलेल्या कंपनीकडून रीतसर सेवा मिळते. महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि बर्बेराशी हवं तेवढं बोलायचं. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी त्याला 'कम्युनिकेशन ट्रान्सफॉर्मेशन' असं नाव दिलं आणि बाण काढले. एका स्लाइडवर हेडसेट लावून हसणारी एक गोरी बाई होती. फिलोमीना मॅडमनी तिच्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "ही हसते कशाला? कोणी माल घेतला का?"

शेठनी फक्त शेवटची स्लाइड बघितली आणि "यल्ला" म्हणाले, म्हणजे चला, करून टाका.

मला वाटलं होतं, मॅडम विरोध करतील. माझं 'चेंज मॅनेजमेंट'चं भाषण तयार होतं. पण त्या खूश झाल्या. नव्या फोनवरून त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला स्वतःहून कॉल लावला आणि उभ्या राहून आनंदाची बातमी दिली. "हाजीसाब, अभी नया फोन आया. जितना मर्जी बात करो. सब फ्री. हमारे जोशी ने किया, बहुत पढा हुआ लडका है."

हाजी म्हणाले, "माशाल्ला." मी लाजलो. त्या दुपारी मी सुखाने जेवलो ते शेवटचं.

कारण आता फोन ठेवायचा कसा, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"अच्छा हाजीसाब, रखती हूँ."

"क्यों सिस्टर? बिल किसका? आप ही बोला, फ्री है."

सगळा जन्म ज्या वाक्यावर काढला ते वाक्य मी त्यांच्या तोंडातून काढून घेतलं होतं, आणि ते काढून घेतल्याची जाहिरात त्यांनी स्वतः आफ्रिकेच्या अर्ध्या किनाऱ्यावर केली होती. हाजींनी शेजाऱ्याच्या भिंतीचा इतिहास मुळापासून सांगितला. मोंबासाचे एक गृहस्थ रोज गाणं म्हणून दाखवू लागले. एक नाखवा फोन चालू ठेवून नमाजाला गेला आणि परत येऊन "हां सिस्टर" म्हणाला. मॅडम वाट बघत होत्या, कारण तो बोलला होता की येतो.

मी म्हणालो, "मॅडम, सांगा ना, नेट गेलं म्हणून."

"गेलं आहे का?"

"नाही, पण..."

"मग?"

"बरं, बॉस बोलावतो म्हणा."

त्यांनी केबिनकडे बघितलं. शेठ झोपले होते. "बोलावतो का?"

शेरन एकदा सुट्टीत ऑफिसला आली होती. आईचा कान लाल झालेला बघून ती म्हणाली, "ममा, जस्ट हँग अप. इट्स अ बटन."

"बटन मला दिसतं गो," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या पुढे माणूस बसलाय तो तुला दिसत नाही."

इथवर हे सगळं हसण्यासारखं होतं. मग महिनाअखेर आली आणि माझ्या लक्षात आलं की बोलणं वाढलं तशी विक्री पडली आहे. मी दोन्हींचा आलेख काढला. बोलण्याची रेघ वर, ऑर्डरची रेघ खाली. शेठना दाखवताना मी पहिल्यांदा फक्त वरची रेघ दाखवली, पण त्यांनी कागद उलटा करून खालचीही शोधली. रुपयांत करायची वेळच आली नाही.

शेठचा मुलगा हितेन दुबईतच वाढलेला, गोड मुलगा, आईस्क्रीमसारखा थंड. त्याचं म्हणणं साधं होतं: गिऱ्हाइकांनी मेसेज टाकावा, माल जाईल. बोलायला माणूस कशाला? मॅडमचा व्हिसा चार महिन्यांनी संपत होता. "लेट्स नॉट रिन्यू," तो माझ्यासमोर म्हणाला. नंतर शेठनी मॅडमना बोलावून सांगितलं की या सीझनचे आकडे बघू, मग ठरवू.

त्या बाहेर आल्या आणि खुर्चीत बसल्या. कंगवा काढला आणि परत ठेवला.

"शेरनची दोन वर्षं राहिलीत," त्या मला म्हणाल्या. तक्रार नव्हती, माहिती होती. शेरनचा व्हिसा आईच्या व्हिसावर होता. आई गेली की मुलीचं शिक्षण अर्धवट, किंवा मग व्हिसासाठी कॉलेजच्या पायऱ्या झिजवायच्या. "दोन वर्षं फक्त. मग मी आपणहून जाते. वसईला घर आहे, वर कौलं आहेत, माझं काय."

मी "इन्शाल्ला, होईल काहीतरी" असं म्हणालो. स्वतःच बिघडवलेल्या गोष्टीसाठी देवाला पुढे करण्याची ही पद्धत मी इथेच शिकलो.

होण्यासारखं काहीतरी माझ्या हुशारीने झालं असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. झालं ते असं. इमारतीच्या वायरिंगचं काम निघालं आणि वॉचमनने सगळ्या मजल्यांवर सांगितलं की बारा वाजता इंटरनेट बंद होईल. हाजी लाइनवर होते. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की कित्येक आठवड्यांत तसा मी बघितला नव्हता.

"हाजीसाब," त्या म्हणाल्या, "नेट जाने वाला है. सच्ची."

"अरे. जा रहा है? अच्छा सुनो सुनो, मोटी रस्सी लिखो, और नीला रंग, वो ताडपत्री भी..."

ऑर्डर एवढी मोठी निघाली की मॅडम उभ्या राहून लिहीत होत्या. मी ऐकत होतो. आपल्याकडे पाहुणे तासभर हवापाण्यावर बोलतात आणि दारात चपला घालताना म्हणतात, "बरं, मुलीच्या स्थळाचं काय झालं?" तसंच हे होतं. कामाचं बोलायला निघायची वेळ यावी लागते. बिल ही त्या गिऱ्हाइकांची निघायची वेळ होती. मी तीच रद्द केली होती, आणि वर बाण काढले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. "जोशी, हे नेट तुला बंद करता येतं ना?"

"येतं. वायर काढायची."

"मग मी हात वर केला की काढ. मी हाजीसाबला आधी सांगते, नेट जाने वाला है. तू काढतोस म्हणजे ते जाणारच आहे. खोटं कुठे झालं?"

"मॅडम, तुमच्या फोनची वायर तुमच्याच मागे आहे. तुम्ही काढा."

"मी काढली तर मी फोन आपटल्यासारखं झालं. तू काढलीस तर ते गेलं." मग थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "आणि तुमच्यात कन्फेशन नसतं ना? मग तुला काय प्रॉब्लेम आहे?"

हे धर्मशास्त्र मी मान्य केलं. अशा रीतीने कम्युनिकेशन ट्रान्सफॉर्मेशनचा जनक सगळ्या फोनच्या वायरी येतात त्या कपाटाशेजारी गुडघ्यावर बसून वायर काढू आणि लावू लागला. मॅडमचा उजवा हात वर जाई, पुण्यात घेतलेली पदवी खाली वाके. ऑर्डर यायला लागल्या. मोंबासाचे गृहस्थ गाणं अर्धवट ठेवून पुल्या मागू लागले.

पहिल्याच आठवड्यात मी चूक केली. कपाटातल्या सगळ्या वायरी एकाच निळ्या रंगाच्या. मॅडमचा हात वर गेला आणि मी भलतीच ओढली. सबंध ऑफिस गप्प झालं. एकदम कळलं की आपण केवढ्या गोंगाटात राहतो. केबिनचं दार उघडलं आणि शेठ बाहेर आले. ते त्यांच्या होऊ घातलेल्या व्याह्यांशी, म्हणजे हितेनच्या भावी सासऱ्यांशी बोलत होते हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तासाभरापासून ते फक्त "जी, जी" म्हणत होते.

त्यांनी मला बघितलं. मी गुडघ्यावर, हातात वायर.

"काय झालं?"

मी तोंड उघडलं. फोन कंपनीवर ढकलता आलं असतं, वायरिंगवर ढकलता आलं असतं. पण माझ्या आधी मॅडम बोलल्या. "शेठ, मी सांगते तेव्हा हा काढतो. हाजीसाबचा फोन ठेवायला. आज चुकीची काढली." व्हिसाचा निर्णय ज्याच्या हातात, त्या माणसाला त्यांनी हे हवामान सांगितल्यासारखं सांगितलं. मग ऑर्डरचा कागद पुढे केला. "हे आलं त्यात."

शेठनी कागद वाचला. वायरीकडे बघितलं. केबिनकडे बघितलं, जिथे आता कोणी "जी" म्हणायला बांधलेलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी समाधी म्हटलं असतं, पण ते फक्त सुटका झालेल्या माणसाचं समाधान होतं.

"व्याही उद्या अकरा वाजता परत फोन करणार आहेत," ते मला म्हणाले. "साडेअकराला काढ."

सीझन संपला तेव्हा मॅडमच्या व्हिसाचे कागद अर्ज भरून देणाऱ्या टाइपिंग सेंटरला गेले. दोन वर्षांसाठी. हितेनने एकदाच "डॅड, दिस इज इनसेन" असं म्हणून बघितलं, पण त्याच्या सासऱ्यांचं बोलणं तोवर त्याच्याही फोनवर येऊ लागलं होतं. मला बढती मिळाली. कार्डावर 'हेड, डिजिटल कम्युनिकेशन' असं छापलं. शेठनी ते कार्ड दारावरच्या पितळी पाटीशेजारी लावायला सांगितलं नाही, ही त्यांची कृपा.

शेरन पास झाली आणि तिला अल ऐनच्याच एका हॉस्पिटलात नोकरी लागली, स्वतःच्या व्हिसावर. मॅडमनी शब्द पाळला. आपणहून राजीनामा दिला. गिऱ्हाइकांना त्या आठवडाभर एकेक करून सांगत होत्या. कोणी रडलं, कोणी पत्ता मागितला, मोंबासाच्या गृहस्थांनी गाणं म्हटलं आणि त्या दिवशी मॅडमनी ते पूर्ण ऐकलं. हाजींना मात्र सांगितलं नव्हतं. ते शेवटच्या दिवसावर ढकललेलं होतं.

त्या दिवशी त्या कपाळाला येणाऱ्या बटा पाण्याने बसवून आल्या होत्या. तरीही कंगवा फिरवला. फोन लावला. उभ्या राहिल्या नाहीत, बसूनच बोलल्या. घुटना, धाकटा मुलगा, ज्याने अखेर लग्न केलं होतं, भिंत. मी कपाटाशेजारी माझ्या जागेवर जाऊन बसलो होतो. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हाजीसाब, मैं घर जा रही हूँ. वसई. हमेशा के लिए."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. बहुतेक काहीच आलं नाही. मॅडमही बोलत नव्हत्या. रिसीव्हर कानाला तसाच, डोळे खाली धक्क्यावर, जिथे एका गलबतावर फ्रीज आणि टायर चढत होते. मधूनच त्या "हूँ" म्हणत. मधूनच तेवढंही नाही. मी वायर धरून त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. हात मांडीवर होता.

जेवणाची वेळ झाली. शेठ केबिनमधून बाहेर आले, आमच्या दोघांकडे बघितलं आणि पाय न वाजवता निघून गेले. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मी खूण केली, काढू का? मॅडमनी माझ्याकडे न बघता डाव्या हाताची बोटं हलवली, जसं घरात मध्येमध्ये येणाऱ्या पोराला हलवतात: जा, जेवायला जा.

मी गेलो. परत आलो तेव्हा खुर्ची आत सारलेली होती, रिसीव्हर जागेवर होता आणि टेबल पुसलेलं होतं. ऑर्डर लिहायचा कागद पेनाखाली ठेवलेला होता. मी सवयीने उचलून बघितला. कोरा होता.